क्रिमिनलला असलेलं पोरगं

आमच्याकडे पोरगं काय करतं असं विचारलं की एका शब्दात उत्तर द्यायची पद्धत आहे. इंजिनिअरिंगला आहे, मेडिकलला आहे, डीएडला होतं. त्यामुळे अण्णांचा धाकटा विलायतेला गुन्हेगारीशास्त्र शिकायला गेला तेव्हा 'क्रिमिनॉलॉजी अँड क्रिमिनल जस्टिस' हे लांबलचक नाव केज-धारूर रस्त्यावरच्या पहिल्याच हॉटेलात गळून पडलं. उरलं ते एवढंच: "अण्णाचं बारकं क्रिमिनलला हाये, लंडनला."

एकदा अंबाजोगाईकडचे पाहुणे स्थळ बघायला आले. फोटो पसंत पडला, जमीन पसंत पडली. मग मुलीच्या मामाने विचारलं, "मुलगा काय करतो?" घरातल्या कुणीतरी अभिमानाने सांगितलं, "क्रिमिनलला आहे." मामाने उचललेली बशी खाली ठेवली. "तसली स्थळं आमच्या तालुक्यातच लई पडलीत," तो म्हणाला, "त्यासाठी फॉरेनचं कामून बघायचं?"

दोष मामाचा नव्हता. हा माणूसच नवा आहे. पूर्वी विलायतेला जाणारा मराठी माणूस कायदा शिकून बॅरिस्टर होऊन येई, आणि बॅरिस्टर म्हणजे काय ते खेड्यातल्या म्हातारीलाही कळे: काळा कोट घालून आपल्या पोराला सोडवून आणणारा. क्रिमिनॉलॉजीवाला कुणाला पकडत नाही आणि कुणाला सोडवतही नाही. त्याला वकिलीची सनद मिळत नाही, अंगावर खाकी चढत नाही. गुन्हा का होतो एवढंच त्याला माहीत असतं, आणि ते गावात प्रत्येकाला आधीपासून माहीत असतं.

हा मुळात भरतीचा मुलगा. बीड जिल्ह्यात पहाटे पाचला गाडी काढणाऱ्याने जपून चालवावी, कारण त्या वेळी डांबरी रस्ते भरतीच्या पोरांच्या मालकीचे असतात. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक हा अभ्यासक्रम इथे दहावीच्या अभ्यासक्रमापेक्षा जास्त जणांना पाठ आहे. हा धावण्यात बरा होता, पण गोळा काही त्याला सोडून लांब जाईना. भरत्या हुकल्या. मग पुण्यात खोली, अभ्यासिका, फौजदाराच्या परीक्षेची पुस्तकं. तिथेच एका कन्सल्टन्सीत टाय लावलेल्या मुलाने त्याला विचारलं, "आवड कशाची?" हा म्हणाला, "पोलिसाची." त्या मुलाने संगणकावर काहीतरी टाइप केलं आणि पडद्यावर क्रिमिनॉलॉजी आली. एक वर्षाचा अभ्यासक्रम, इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा बँड, पुढे दोन वर्षं तिकडे राहायची मुभा. याने एकच शंका काढली: "गोळा नाही ना?"

आता अण्णांबद्दल सांगायला हवं, कारण क्रिमिनॉलॉजीवाला एकटा जन्माला येत नाही. त्याच्यामागे खर्च करणारा एक अण्णा असतो. आमचे अण्णा मुकादम. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकाला मुकादम माहीत असतो तो फडात उभा राहिलेला. आम्हाला तो पावसाळ्यात दिसतो, पांढऱ्या कपड्यांत, उचल वाटताना. कारखान्याकडून आगाऊ पैसे घ्यायचे, ते कोयत्यांना वाटायचे आणि दसरा-दिवाळी झाली की टोळी ट्रकमध्ये भरून सांगली-कोल्हापूरकडे नाही तर कर्नाटकात न्यायची. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हत्याराचं नाव आणि माणसांचं नाव एकच. तोडलेल्या ऊसातून उचल फिटेपर्यंत सुटका नाही. एखाद्या दिवशी कामावर आलं नाही की खाडा पडतो, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड बसतो. हंगाम संपल्यावर बहुतेकांकडे थोडी बाकी निघते आणि ती पुढच्या वर्षाच्या उचलीत जमा होते. अण्णा या धंद्यात तिशी ओलांडून गेलेत आणि गावात त्यांच्याविषयी वाईट बोलणारं फारसं कुणी नाही. जे बोलले असते ते त्यांच्या वहीत आहेत.

विलायतेच्या व्हिसाला एक अट असते. फीचे उरलेले आणि तिकडे राहण्याच्या खर्चाचे पैसे बँकेत सलग अठ्ठावीस दिवस पडून असले पाहिजेत. मधे एक दिवस जरी कमी झाले तरी मोजणी पहिल्यापासून. शैक्षणिक कर्जातून फीची सोय झाली, सातबारा बँकेत गेला. राहण्याच्या खर्चाचं काय? पाव्हण्यारावळ्यांकडून जमेना. अण्णांकडे कारखान्याचे उचलीचे पैसे नुकतेच आले होते. ते त्यांनी पोराच्या खात्यात टाकले आणि कोयत्यांना सांगितलं, "कारखान्यानं यंदा उशीर केलाय." जून महिना होता, पेरणीचे दिवस. त्या अठ्ठावीस दिवसांत काहींनी सावकाराकडून बियाण्याला पैसे काढले. बँकेने पत्र दिलं, व्हिसा आला, पैसे परत निघाले, उचल वाटली. कुणाचं काही बुडालं नाही, असं अण्णा आजही म्हणतात.

पासपोर्टच्या पडताळणीला हवालदार आले होते, तो प्रसंगही नोंदवण्यासारखा आहे. गुन्हा शिकायला जाणाऱ्याच्या नावावर एकही गुन्हा नाही याची सरकार खात्री करून घेत होतं. हवालदारांनी चहा घेतला, कागद बघितले आणि विचारलं, "कशाला चाललास?"

"गुन्हेगारी कशी निर्माण होते ते शिकायला."

"आरं मंग येवढा खर्च कशाला करतोस? आमच्या ठाण्यात बस आठ दिवस. चहापाणी आमचं."

तर असा तो सप्टेंबर २०२४ मध्ये लेस्टरला पोचला. लेस्टर लंडनपासून दीडशे किलोमीटरवर असलं तरी गावाने ते लंडनमध्येच धरलं. पहिल्याच आठवड्यात त्याने फोटो पाठवला. मागे दगडी बुरूज, वर तटासारख्या पाकळ्या, मधे भलामोठा दरवाजा. फोटो गावभर फिरला. "काय कॉलेज हाये! धारूरचा किल्ला झक मारतो," असं एकमत झालं आणि अण्णांनी तो मोठा करून बैठकीत लावला. पुढे दोन महिन्यांनी उलगडा झाला की ते कॉलेज नाही, वेलफर्ड रोडवरचा तुरुंग आहे. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात तो किल्ल्यासारखा बांधला. विद्यापीठ तिथून जवळच आहे, पण त्याच्या इमारती आपल्या पंचायत समितीसारख्या चौकोनी म्हणून याने तुरुंगापुढे उभं राहून फोटो काढला होता. अण्णांनी फोटो भिंतीवरून उतरवला नाही. "चौकट केलीय आता," म्हणाले, "आन् आत थोडंच हाये ते? भायेरच हुबं हाये."

क्रिमिनॉलॉजीवाल्याची पहिली खूण म्हणजे कायद्याची भीती. तिकडच्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासच काम करता येतं. हा एका गोदामात भाज्या पाकिटात भरायचा आणि मिनिटांचा हिशेब ठेवायचा. एकविसावा तास भरला तर व्हिसा जाईल, विमानात बसवतील, सातबारा बुडेल. रात्री त्याला स्वप्नंही घड्याळाची पडत. आईला त्याने हे फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं. तेव्हा टोळीतली एक बाई तिथे बसली होती. तिने विचारलं, "वीस तास म्हंजी किती दिस?" सात दिवस, असं कळल्यावर तिचा विश्वास बसेना. फडात ती पहाटे चारला उठते, मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक भरते, मग स्वयंपाक. "मपले वीस तास तर परवा दुपारीच झाले," ती म्हणाली.

दुसरी खूण म्हणजे नवा सिद्धांत शिकला की तो घरच्यांवर लावून बघणं. पहिल्या सत्रात लोम्ब्रोसो आला. या इटालियन डॉक्टराने १८७६ मध्ये पुस्तक लिहून असं मांडलं की गुन्हेगार जन्मतःच तसा असतो आणि ते त्याच्या कवटीवर, जबड्यावर, कानांवर दिसतं. याने त्याच रात्री आईला विचारलं, अण्णांचे कान डोक्यापासून किती लांब आहेत? आईने मोजायला नकार दिला. पुढच्या आठवड्यात प्राध्यापकबाईंनी सांगितलं की हा सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला. याला हायसं वाटलं, तोच त्या बाईंनी वळून विचारलं, "तुम्ही भारतातले ना? १८७१ च्या तुमच्याकडच्या कायद्याबद्दल वर्गाला सांगाल?"

त्याला काही सांगता येईना. रात्री मला फोन आला. "सर, १८७१ ला आपल्याकडे काय झालं होतं?" मी त्याला गुन्हेगार जमाती कायद्याबद्दल सांगितलं. लोम्ब्रोसोचं पुस्तक यायच्या पाच वर्षं आधीच इंग्रजांनी इथे जन्माने गुन्हेगार ठरवण्याचा कायदा करून टाकला होता. अख्ख्या जमातीच्या जमाती त्यात नोंदल्या, हजेरी लावली, तारेच्या कुंपणात वसवल्या. देश स्वतंत्र झाल्यावरही पाच वर्षं त्या तशाच होत्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्यांची नावं त्या यादीतून निघाली. ओढ्यापलीकडची आपली पारधी वस्ती आठव, मी म्हणालो. विहिरीवरची मोटार चोरीला गेली की जीप आधी कुठे जाते?

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, त्या वस्तीतला एक जण माझ्याबरोबर भरतीला धावायचा. माझ्यापेक्षा पुढे असायचा."

आणखी एक गोष्ट त्याला लेस्टरमध्ये कळली. खुल्या तुरुंगांवरच्या एका तासाला कुणीतरी औंध संस्थानाचं नाव घेतलं. औंधच्या राजांच्या काळात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत झाली. जन्मठेपेचे कैदी तिथे भिंतींशिवाय, शेती करत, बायकामुलांसह राहत. शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' त्याच प्रयोगावरून निघाला. याने लहानपणी अण्णांच्या टोळीबरोबर सांगली जिल्ह्यात हंगामच्या हंगाम काढले होते. त्या बाजूने ट्रक गेलेही असतील. जन्मठेपेच्या कैद्याला तिथे राहायला पक्कं घर होतं. ट्रकमधल्या माणसांना दर हंगामाला नवी कोपी, म्हणजे तात्पुरती झोपडी, घालावी लागायची. हे वाक्य त्याचं, माझं नाही.

एव्हाना फोनवर सिद्धांत ऐकायची अण्णांना सवय झाली होती. सदरलंड नावाच्या अमेरिकन माणसाने १९३९ मध्ये पांढऱ्या कॉलरचे गुन्हे ही कल्पना मांडली, हे ऐकून अण्णांनी आपला सदरा बघितला आणि विषय बदलला. पण खरी गंमत झाली ती साइक्स आणि मॅट्झा यांच्या वेळी. या दोघांनी १९५७ मध्ये लिहिलं की चूक करणारा माणूस आधी स्वतःची समजूत घालतो, आणि ती घालायच्या पाच तऱ्हा असतात. पोराने उत्साहाने एकेक सांगायला सुरुवात केली. स्पीकर चालू होता, ओट्यावर आम्ही चार-पाच जण होतो.

"पहिली तऱ्हा अशी अण्णा, की माझ्या हातात काही नव्हतं."

"बरोबर. कारखानाच देत न्हाई तर मुकादम काय करील?"

"दुसरी, की कुणाचं नुकसान झालं नाही."

"पैसे कुठं पळून चालले व्हते का?"

"तिसरी, की समोरचा त्याच लायकीचा आहे."

"उचल घेऊन रातोरात पळून जातेत ते कोण हायेत मंग?"

"चौथी, की आम्हाला बोलणारे काय धुतल्या तांदळाचे आहेत?"

"पुढाऱ्याचं नाव घेऊ का? सांग, घेऊ का?"

"आणि पाचवी," पोरगं म्हणालं, "की मी हे घरच्यांसाठी केलं."

"तुह्यासाठीच केलं की," अण्णा म्हणाले. "अठ्ठावीस दिस."

पलीकडून आवाज येईना. अण्णांना वाटलं रेंज गेली. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "हे तर मी दर दिवाळीला बोलतो. याला एवढी फी घेतेत?"

त्यानंतर काही दिवसांतच ९ डिसेंबर उजाडला. मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांना पळवून नेऊन मारलं गेलं, आणि कसं मारलं तेही पुढे सगळ्या राज्याने पाहिलं. मस्साजोग आमच्याच केज तालुक्यातलं. मोर्चे निघाले, मोक्का लागला, बीडचं नाव रोज दूरदर्शनवर. लेस्टरमध्ये याच्या वर्गातल्या मुलांनी बातम्या वाचल्या आणि त्याला विचारू लागली, कारण वर्गात या विषयाचा अधिकारी तोच ठरला होता. त्या दिवसांत त्याने फोनवर एकही सिद्धांत सांगितला नाही. आईला एवढंच विचारी, अण्णा रात्री बाहेर जातात का. कुणी गाव विचारलं की तो छत्रपती संभाजीनगरजवळचं असं सांगू लागला. या माणसाची चेष्टा करायला मी बसलोय खरा, पण या एका बाबतीत मला ती जमत नाही. त्या महिन्यात बाहेरगावी असलेल्या आमच्या बऱ्याच जणांनी गावाचं नाव असंच सांगितलं.

उन्हाळ्यात तो प्रबंधासाठी गावी आला, प्रश्नावली घेऊन. क्रिमिनॉलॉजीवाल्याची तिसरी खूण ही प्रश्नावली. तिचा सांगाडा तिकडच्या गुन्हे सर्वेक्षणाचा होता. इंग्लंडात ते १९८२ पासून घरोघर चालतं. त्यात पोलिसांच्या नोंदी मोजत नाहीत, लोकांनाच विचारतात की गेल्या वर्षात तुमच्या वाट्याला काय आलं. कल्पना चांगली आहे. पण टोळीतल्या बाईला त्याने विचारलं, "गेल्या बारा महिन्यांत तुमच्या घरात कुणी कुलूप तोडून शिरलं का?" ती म्हणाली, "सहा महिने कोपीत व्हतो. कोपीला दार नसतंय. कुलूप कशाला लावावं?" त्याने पुढचा प्रश्न वाचला, मग प्रश्नावली उलटी करून ठेवली आणि नुसताच बोलत बसला. त्याच्या प्रबंधातला चांगला भाग मला वाटतं तिथून सुरू झाला.

तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांकडेही तो गेला. महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम आर. आर. पाटलांनी २००७ मध्ये सुरू केली. भांडण गावातच मिटवायचं, कोर्टात जायचं नाही, गावाला बक्षीस. याने अध्यक्षांना सांगितलं की कॅनडात १९७४ मध्ये दोन पोरांनी गावात नासधूस केली, तेव्हा त्यांना प्रत्येक घरी जाऊन नुकसान विचारायला आणि भरून द्यायला लावलं. त्यातून पुढे जगभर एक विद्याशाखाच निघाली. अध्यक्ष खूश झाले. "आम्ही बी मिटवतो की. पण आमच्याकडं ज्याचं नुकसान झालं त्यालाच घरोघर फिरावं लागतंय, एवढाच फरक."

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो संमतीपत्राने. विद्यापीठाचा नियम असा की माणसाशी बोलण्याआधी त्याला कागद वाचून दाखवायचा आणि सही घ्यायची. आमच्याकडे सहीचा कागद बघितला की माणूस घरात जातो आणि बायकोला बाहेर पाठवतो. भरतीच्या पोरांना वाटलं नाव कुठेतरी लागलं तर चारित्र्य पडताळणीत अडकेल. म्हातारे म्हणाले, अंगठा दिला आणि जमीन गेली असं आमच्या बापाचं झालंय. शेवटी टोळीतला एक जुना कोयता तयार झाला. याने त्याला मराठीत वाचून दाखवलं: तुम्ही यात स्वखुशीने भाग घेत आहात, तुम्ही कधीही, कोणतंही कारण न देता, माघार घेऊ शकता, त्याबद्दल तुम्हाला कोणताही दंड होणार नाही.

त्या माणसाने ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाला, "लई झ्याक कागद हाये. उचलीचा असाच काढता येईल का?"

आमच्या भागातला गुन्हा विलायतेला पोचवायची प्रथा तशी जुनी. निजामाच्या नोकरीत असलेल्या मेडोज टेलर या इंग्रजाने १८३९ मध्ये ठगाच्या कबुलीजबाबाची कादंबरी लिहिली आणि ती तिकडे खूप गाजली. पुढे तो शेजारच्या नळदुर्गला अधिकारी होता. पण टेलर ठगांवर लिहीत होता, आपल्या वडिलांवर नाही. आमच्या क्रिमिनलवाल्याने ऊसतोडीतल्या आगाऊ रकमेवर प्रबंध लिहिला आणि त्यातलं एक प्रकरण मध्यस्थावर. प्रबंध बरा ठरला, पदवी मिळाली. तिकडे नोकरी देणारे पगाराची अशी अट सांगत होते की ती पुरी करणारी नोकरी याच्या विषयात त्याला दिसेना. दिवाळीनंतर तो परतला आणि बांधीव प्रत अण्णांच्या हातात ठेवून म्हणाला, "अण्णा, यात एक प्रकरण तुमच्यावर आहे."

अण्णांनी चष्मा लावला. "कुठंय नाव?"

"नाव नसतं. संशोधनाचा नियम आहे. तुम्ही सहभागी क्रमांक चार आहात."

"खर्च मी केला, सातबारा मपला, आन् नाव न्हाई?" अण्णा खरोखर दुखावले. "एक, दोन आन् तीन कोण हायेत?"

एक, दोन आणि तीन कोयते होते. हे कळल्यावर ते आणखी दुखावले. पोराने मग धीर करून प्रकरणात काय लिहिलंय ते सांगितलं. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा सांगितला. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचा दुसरीकडे काम करायचा हक्क गेला तर ती वेठबिगारी होते, असं त्या कायद्यात आहे. ते कर्ज फेडण्याचं बंधनही राहत नाही. तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड.

अण्णांनी त्यातलं शेवटचंच ऐकलं. "दोन हजार? सगळ्या टोळीचे?"

"प्रत्येक प्रकरणाचे."

"म्हंजी दोन-तीन खाडे," अण्णा म्हणाले आणि प्रबंध तुरुंगाच्या फोटोखाली फळीवर ठेवून दिला.

गावातले लोक आता अटकपूर्व जामिनाची कामं घेऊन त्याच्याकडे येतात. मी वकील नाही, असं तो सांगतो. मग ओळख तरी द्या, म्हणतात. केजच्या एका अकॅडमीने त्याला भरतीच्या पोरांना शिकवायला बोलावलं होतं. तिथे त्याने पहिल्याच तासाला बेकर नावाच्या समाजशास्त्रज्ञाचं मत सांगितलं की समाजाने शिक्का मारला म्हणून माणूस गुन्हेगार ठरतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, यावर किती मार्काला येतं?" कुठेच येत नाही, हे खरं उत्तर त्याने दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून वर्ग अर्धा झाला. मला विचाराल तर या माणसाला डोकं आहे, धीरही आहे, फक्त त्याचा उपयोग कुठे करायचा याची जागा आपण अजून तयार केलेली नाही. तुरुंगात समुपदेशक लागतात, परिवीक्षा अधिकारी लागतात, बालसुधारगृहात माणसं लागतात. तसल्या जागांची जाहिरात निघायची वाट तो बघतो आहे.

बँक मात्र जाहिरातीसाठी थांबत नाही. कर्जाचा हप्ता सुरू व्हायचाय, वीस लाखांच्या वरचं देणं आहे, सातबारा तिकडेच आहे. यंदाचा हंगाम सुरू झाला आणि अण्णांचे गुडघे गेलेले. तेव्हा टोळीबरोबर सांगलीकडे कोण जाणार हा प्रश्न आला आणि त्याचं उत्तर घरातच होतं. देणं फिटेपर्यंत तो टोळीचा हिशेब बघणार आहे. यालाही उचलच म्हणतात का, असं मी त्याला निघताना विचारलं. तो हसला, म्हणाला, "सर, फूटनोट द्यावी लागेल."

खाड्याची वही आता त्याच्याकडे आहे. जाण्याआधी त्याने अण्णांकडून एक गोष्ट कबूल करून घेतली, त्यासाठी घरात तीन दिवस अबोला झाला: बाई आजारी पडली किंवा बाळंत झाली तर खाडा लावायचा नाही. उचल, व्याज, बाकी, सगळं पूर्वीसारखंच आहे. अण्णा म्हणतात, एवढ्यानेही तोटा होतो. टोळीतली माणसं म्हणतात, पोराचा हिशेब बापापेक्षा चोख आहे.